चौथी गिटार

“…पण तार फुरफुरतीया, हे तरी तुम्हाला ऐकू येतंय का, चाचा?”

दस्तगीरचाचांनी डोळे मिटले होते. ते त्यांनी उघडले नाहीत.

“परत वाजवा.”

दिगंबर तोडकरने परत वाजवली. तार परत फुरफुरली, काचेत अडकलेल्या माशीसारखी.

“बघा! कोरी करकरीत आहे. आज सकाळी दुकानदाराला घरातनं उठवून दुकान उघडायला लावलं. आणि ही पण तसलीच निघाली.”

“कितवी?”

“चौथी.”

चाचांनी मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते दिगंबरला कळलं नाही.

दस्तगीर मुल्लाणी म्हणजे कोल्हापुरातल्या आर्केस्ट्रांमधला जुना बास गिटारवाला माणूस. चाळीस वर्षं गावोगावच्या जत्रांत, गणपतीत, लग्नांत वाजवलेला. गाणारे पुढे दिव्यात उभे असायचे, चाचा मागे ड्रमच्या शेजारी. त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. आता गुडघे गेले होते. लाकडाच्या वखारीमागच्या एका खोलीत ते राहायचे आणि येईल त्याला शिकवायचे. लोक त्यांना उस्ताद म्हणायला लागले की ते म्हणायचे, चाचा पुरे.

आणि दिगंबर? त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बेअरिंग गेलंय की सील, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. शेतकरी पंप सुरू करून मोबाइल पंपाजवळ धरायचे आणि हा इकडून सांगायचा, “वरचं बेअरिंग बदला.” नवं बेअरिंग बसलं की पंप पाणी ओढायचा. या गोष्टीचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

अडचण एवढीच, की जिथं काही अडेल तिथं सुटा भाग बदलायचा, हेच त्याच्या अंगात मुरलं होतं.

पहिली गिटार साधी लाकडी होती. चाचा म्हणाले होते, पंधरा दिवस नुसती तार दाबा, बोटं दुखतील, दुखू द्या. दिगंबरने चार दिवस दाबली. आवाज फुरफुरत आला. म्हणजे मालात खोट. त्याने दुसरी मागवली, लाल रंगाची, विजेवर चालणारी. ती यायला दहा दिवस लागले आणि तेवढ्यात बोटांवर आलेला थोडाफार घट्टा मऊ पडला. तिसरी आणायला तो स्वतः पुण्याला गेला. ती खरोखरच देखणी होती. तीही फुरफुरली.

चौथी ही, बास गिटार. दुकानदार म्हणाला होता, हिला चारच तारा, लवकर येते.

“चारच तारा हायत म्हणून घेतलासा?” चाचांनी विचारलं.

“व्हय.”

“हं…”

बाहेर वखारीतली करवत सुरू झाली. चाचा ती थांबेपर्यंत बोलले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला.

“आणा इकडं.”

दिगंबरने गिटार दिली. चाचांनी ती मांडीवर घेतली, नीट बघितलीही नाही. दिगंबरने जिथं बोट ठेवलं होतं, तिथंच त्यांनी आपलं वाकडं झालेलं बोट ठेवलं आणि तार छेडली.

आवाज स्वच्छ आला. गोल, भरलेला. फुरफुर कुठेच नव्हती.

दिगंबर बघत राहिला. त्याचे कान तयार होते. त्या कानांना आता दुसरं काही सांगण्याची सोय राहिली नव्हती.

“म्हणजे… गिटार चांगली आहे.”

“चांगली हाय.”

“तिसरी?”

“ती बी चांगली.”

“आणि पहिली?”

चाचांनी दिगंबरचा डावा हात धरला आणि एकेका बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला. चारही बोटं मऊ होती. चाचांनी हात हळूच त्याच्या मांडीवर परत ठेवला.

त्या हळूच ठेवण्यानेच दिगंबरचा बांध फुटला. रागावले असते तर त्याने उलट उत्तर दिलं असतं.

“चाचा, कायतरी करा. एक गाणं बसवून द्या. सोप्यातलं सोपं. आज संध्याकाळपर्यंत मला यायला पाहिजे.”

“येवढी काय गडबड हाय?”

“उद्या सकाळी आठला मिरजेला ॲडमिट करायचंय. परवा ऑपरेशन.”

“कुणाचं?”

“बायकोचं.”

चाचांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली.

“काय झालंय वहिनींना?”

दिगंबरने आपल्या गळ्याला हात लावला.

“स्वरयंत्र काढणार. सगळंच. परवानंतर आवाज न्हाई.”

करवत पुन्हा सुरू झाली होती. या वेळी ती कधी थांबली, ते दोघांनाही कळलं नाही.

अडीच महिन्यांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी औषधाच्या फेऱ्या, मग ऑपरेशन. त्या दिवशी परत येताना वैजयंता गाडीत म्हणाली, “अहो, एकदा असं करूया. मी गाते, तुम्ही वाजवा.”

“काय वाजवू?”

“कायबी. डबा वाजवा.”

दिगंबर हसला होता. “डबा कशाला? गिटार आणतो की.”

बावीस वर्षं ही बाई घरात गात होती. कपडे वाळत घालताना, शेंगा फोडताना, देवापुढं दिवा लावताना. बावीस वर्षांत तो एकदाही समोर बसून ऐकायला थांबला नव्हता. उलट दुकानाचा फोन आला की आतल्या खोलीकडे बघून हाताने खूण करायचा, हळू. तीही हळू व्हायची. त्या दिवशी गाडीत तो मनाशी म्हणाला, असंतसं नाही वाजवायचं, झकास वाजवायचं.

तिसरी गिटार आणायला तो पुण्याला गेला, त्या संध्याकाळी शेजारी बारसं होतं. वैजयंताने तिथं अख्खा पाळणा म्हटला. घोगऱ्या आवाजात, पण एकही कडवं न सोडता. बायका रडल्या म्हणे. हा रात्री उशिरा गिटारीचं खोकं घेऊन घरी आला आणि खोकं फोडत बसला. पाळण्याचं त्याला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं.

त्यानंतर ती असं सलग गायली नव्हती. आवाज पायरी पायरीने उतरतच गेला.

“मला तिच्याबरोबर एकदा वाजवायचं होतं,” दिगंबर म्हणाला. “एकदाच. त्याच्यासाठी हे सगळं.”

चाचांनी एकच प्रश्न विचारला.

“वहिनींची पट्टी कुठली?”

“म्हणजे?”

“गळा कुठल्या स्वरावर बसतो त्यांचा? काळी चार? पांढरी पाच? पेटीवर कुणी कधी सूर दिला आसंल की.”

दिगंबरला आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच. तारा कुठल्या धातूच्या, लाकूड कुठल्या झाडाचं, आवाज मोठा करणाऱ्या डब्याची ताकद किती, हे सगळं त्याला पाठ होतं.

“मी… कधी विचारलं न्हाई.”

“फोन लावा.”

“आत्ता?”

“मग कवा?”

त्याने फोन लावला आणि आवाज मोठा करून पाटावर ठेवला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“हां, बोला.” वैजयंताचा आवाज आला. खरखरीत, वाळूवरून काही ओढत न्यावं तसा. “बॅग भरलीय. तुमची लुंगी घालू का? रात्री थांबायला लागंल न्हवं तुम्हाला?”

“घाल. वैजू… जरा गातीस का?”

“काय?”

“एखादी ओळ. चाचांकडं हाय मी.”

“अगं बाई! उस्तादांसमोर? आणि आवाज कुठाय आता गायला?”

चाचा फोनकडे वाकले. “वहिनी, मी दस्तगीर बोलतोय. जेवढा हाय तेवढा बास. तुमच्या आवडीची कुठली बी एक ओळ म्हणा. मी हितं तार लावून घेतो.”

तिकडे भांडी थांबली. तिने नळ बंद केल्याचाही आवाज आला.

चाचा भिंतीला धरून उठले. कोपऱ्यात एक जुनं सागवानी कपाट होतं. त्यांनी खुर्ची कपाटाजवळ ओढली, बास मांडीवर घेतली आणि तिचं वरचं टोक कपाटाच्या दाराला टेकवलं. दिगंबर आपण आणलेला नवा कोरा डबा जोडायला उठला, तर त्यांनी नको म्हणून हात केला.

“लॉजवर डब्याबिगर आसंच करायचो आम्ही. कपाट बोलतंय.”

आणि फोनमधून ओळ आली. वैजयंताच्या आईने स्वतः रचलेली, गाडीने आलेल्या पाहुण्यांची.

“चिंचेखाली गाडी सुटली, बैल पाणी प्याले गं… दूर गावचे पाव्हणे माझ्या…”

दुसरी ओळ मध्येच तुटली. खोकला आला. तिने पुन्हा पहिलीच ओळ धरली.

चाचांनी तार छेडली. कपाट खरंच बोललं, खालून, पोटातून. पण तिचा सूर आणि तारेचा सूर एकमेकांना घासत होते. चाचांचा दुसरा हात खुंटीवर होता. त्यांनी तार सैल केली. आणखी थोडी सैल केली. सूर खाली येत गेला, तिच्याकडे येत गेला, आणि एका जागी ते घासणं थांबलं.

ते दिगंबरला नेमकं कळलं. शाफ्ट बेअरिंगमध्ये बरोबर बसला की पंपाचा आवाज असाच एकदम शांत होतो. आयुष्यभर तो याच आवाजावर जगला होता.

“पांढरी पाच,” चाचा म्हणाले. मग फोनमध्ये जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “हे त्यांचं घर न्हवं. गळा उतरलाय. आदी वर आसणार.”

“किती वर?”

“आता काय सांगू…”

त्यांनी खुर्ची सोडली आणि दिगंबरला बसवलं. बास त्याच्या मांडीवर दिली, टोक कपाटाला टेकवलं.

“डावा हात खिशात घाला.”

“काय?”

“खिशात घाला.”

दिगंबरने डावा हात पँटच्या खिशात घातला. या हाताच्या बोटांसाठी त्याने अडीच महिन्यांत चार गिटारी आणल्या होत्या.

“आता उजव्या अंगठ्यानं ही एकच तार. वरनं खाली. सोडून द्या. विझत आली की परत.”

त्याने तार छेडली.

फुरफुर नव्हती. कुठेही दाबलेलंच नव्हतं, तर फुरफुरणार काय? सूर निघाला, कपाटात शिरला, आणि फरशीतून दिगंबरच्या तळपायापर्यंत आला.

“अहो…” वैजयंता म्हणाली. “हे कोण वाजवतंय?”

दिगंबरने चाचांकडे बघितलं. चाचांनी हनुवटीने खूण केली, सांगा.

“तुम्ही वाजवताय व्हय?”

“व्हय.”

“खरंच?”

“व्हय गं.”

तार विझत आली. त्याने परत छेडली.

आणि ती गायली. चिंचेखाली गाडी सुटली. बैल पाणी प्याले. आवाज फाटका होता, जागोजाग विरलेला, पण खाली तार होती आणि त्या तारेवर तो पाय ठेवून चालत होता. पाहुणे दारात यायच्या आत तो पुन्हा तुटला. या वेळी तिने ओळ परत धरली नाही. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता.

“भाकरी टाकायला घेते,” ती म्हणाली. “लवकर या. दुपारनंतर मला लई बोलवत न्हाई.”

फोन बंद झाला.

दिगंबर तसाच बसून होता, डावा हात खिशात. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. उजवा हात तारेवर होता आणि डावा काढायचं त्याला सुचलं नाही.

“चाचा.”

“बोला.”

“हे पहिल्या गिटारीवर झालं असतं?”

“झालं आसतं.”

“पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी.”

“तवा तिचा आवाज…” तेव्हा तिचा आवाज होता. थोडा घोगरा, एवढंच. तेव्हा अख्खा पाळणा होता, सगळी गाणी होती, आणि मोकळ्या संध्याकाळी तर कितीतरी होत्या. त्या सगळ्या त्याने खोकी यायची वाट बघण्यात घालवल्या. हे त्याला आता इतकं लख्ख दिसलं की त्याने चाचांवरच राग काढला.

“मग मला सांगितलासा का न्हाई तुम्ही? अडीच महिने येतोय मी! एका तारेवर होतं हे तुम्हाला म्हायती होतं, आणि तुम्ही मला बोटं दाबायला लावलासा?”

चाचा खाटेवर बसले. गुडघ्यांवरून त्यांनी हात फिरवले.

“वहिनी गातात हे मला आज कळालं, दिगंबर.”

अडीच महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती.

“तुम्ही आलासा तवा म्हणालासा, गिटार शिकवा. मी गिटार शिकवाय लागलो. पुढच्या खेपेला दुसरी दाखवलासा. मग तिसरी. लाकूड दाखवलासा, तारा दाखवलासा. घरात काय चाललंय ते कदी बोलला न्हाईसा.”

खरं होतं. बायकोच्या गळ्याचं दुखणं परक्या माणसासमोर काढायचं, आणि वर सांगायचं की तिच्या गाण्यासाठी या वयात वाजवायला शिकतोय… त्याला ते कमीपणाचं वाटलं होतं. गिटारीबद्दल बोलणं सोपं होतं.

“मी बी विचारलं न्हाई,” चाचा म्हणाले. “पन्नाशीचा माणूस एकदम तारा दाबाय बसतोय, तर कशापायी, हे मी विचाराय पायजे होतं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गळ्यामागं उभा ऱ्हायलो मी. मला कळाय पायजे होतं. ही चूक माझी बी हाय.”

वखारीत जेवणाची सुट्टी झाली असावी. लाकडं टाकल्याचा आवाज थांबला होता.

मग दिगंबर उठला. डबा त्याने तिथंच सोडला. बास पिशवीत घालताना खुंटीला धक्का लागू नये म्हणून त्याने तिथं आपला रुमाल गुंडाळला. सूर हलला तर तो पुन्हा कशावरून लावायचा, हा विचार मनात आला आणि त्याचे हात क्षणभर थांबले.

“घरात लाकडाचं कपाट हाय?” चाचांनी विचारलं.

“हाय. तिच्या माहेरचं.”

“त्याला टेकवा. वहिनींना जवळ बसवा. गायचा आग्रह करू नका. तार चालू ठेवा, त्यांना वाटलं तर त्या येतील.”

“व्हय.”

तो वाकून चाचांच्या पाया पडला. आजवर कधी पडला नव्हता. चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दिगंबर दारापर्यंत गेला. चपला घातल्या. मग एक गोष्ट त्याच्या मनात आली आणि तो तिथंच उभा राहिला. शिकणाऱ्या माणसाचाच प्रश्न होता तो, साधा.

“चाचा… तिचं गाणं मधीच थांबलं… मग मी बी थांबायचं न्हवं?”

चाचांनी त्याच्याकडे बघितलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “त्या थांबल्या तरी तुम्ही थांबायचं न्हाई.”